दुखऱ्या बोटांसाठी स्वस्त शाईचे पेन



संधिवातासाठी येणाऱ्या ज्येष्ठांना मी आवर्जून विचारतो, "हल्ली लिहिता का?" बहुतेकांचे उत्तर एकच असते, "बँकेतल्या सहीपुरते." अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा झिजला की पेन चिमटीत धरणे दुखते, मग लिहिणे सुटते. सवय गेली की सही बिघडते आणि निवृत्तिवेतन काढताना बँकेतील नमुन्याशी जुळत नाही. पासोडीवर ग्रंथ लिहिणाऱ्या दासोपंतांच्या या बीड जिल्ह्यात निवृत्त गुरुजींवर अंगठा उमटवण्याची पाळी यावी, हे दुखणे केवळ सांध्याचे राहत नाही.

बॉलपेनच्या टोकातील गोळी कागदावर दाबूनच फिरवावी लागते. शाईच्या पेनात मात्र निबेच्या चिरेतून शाई आपोआप उतरते. निब कागदाला टेकली तरी पुरते. म्हणून दुखऱ्या हाताला मी शाईचे पेन सुचवतो. काहीशे रुपयांत मिळणारी चिनी पेने यासाठी पुरेशी आहेत. मात्र हात पाहून निवड करावी.

शांघायच्या 'हिरो'चे ६१६ आपल्या पिढीच्या परिचयाचे. ते हलके, टोपण ओढून निघणारे. पण अंगाने बारीक असल्याने बोटे आवळली जातात. 'जिनहाव'चे एक्स-४५० जाड आणि तिकोनी पकडीचे. परंतु पितळेचे असल्याने जड. हात कापत असेल तर हे वजन कधी कधी आधार देते. सांधे दुखत असतील तर थकवते. त्याच कंपनीचे एक्स-१५९ चांगले जाड व आकाराच्या मानाने हलके. मात्र त्याचे टोपण आटे फिरवून उघडावे लागते.

या किमतीत प्रत्येक निब सारखी निघत नाही. दुकानातच पाच ओळी लिहून पाहाव्यात. निब खरखरत असेल किंवा लिहिताना बोटांची टोके पांढरी पडत असतील तर ते पेन घेऊ नये. टोपण मागे न लावल्यास वजन कमी होते. महिन्यातून एकदा पेन साध्या पाण्याने धुवावे. धुऊन जाणारी निळी शाई धनादेशावर वापरू नये. कार्बन प्रतीच्या पावतीसाठी बॉलपेनच ठेवावे. सही कायमची बदलली असल्यास बँकेत नवा नमुना नोंदवता येतो.

सांभाळ करणाऱ्यांना एक विनंती. ज्येष्ठांकडून रोज पाच ओळी लिहून घ्याव्यात, खाली तारीख घालावी. ही वही डॉक्टरांच्या उपयोगाची असते. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जात असेल तर कंपवाताची शंका घ्यावी. रात्री अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर होत असतील तर मनगटात दबलेली नस तपासावी. मधुमेहींमध्ये हा त्रास अधिक आढळतो. अशा वेळी पेन बदलून भागत नाही.

आणि अक्षर अचानक बिघडले, हातातून पेन गळून पडले, बोलणे अडखळले, तर क्षणभरही थांबू नये. तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि त्रास किती वाजता सुरू झाला, ती वेळ लिहून सोबत न्यावी.