दांडीचा तोरा



आज थोडे भांडायचे आहे. भांडण माणसाशी नाही, सायकलच्या एका नळीशी आहे. सीटपासून हँडलपर्यंत जी आडवी नळी जाते, जिला आपण दांडी म्हणतो, ती असली की सायकल 'जेन्ट्स' आणि नसली की 'लेडीज'. लहानपणापासून आपण हे असेच मानत आलो. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही स्त्रीलिंगीच! ती सायकल. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले, त्यामुळे एवढे तरी ठामपणे सांगू शकतो.

गंमत सोडा. माझ्या वयाची माणसे (मी 74 वर्षांचा आहे) सायकल का सोडतात, याचा कधी विचार केला आहे? दम लागतो म्हणून नव्हे. सपाट रस्त्यावर सावकाश सायकल चालवताना अंगाचा भार सीटवर असतो, गुडघ्यांना चालण्यापेक्षा बरेच वाटते. अडते ते टांग टाकताना. एका पायावर तोल सावरायचा, दुसरा पाय कॅरिअरवरून फिरवून पलीकडे न्यायचा. विशीत हे नकळत होते. सत्तरीत खुबा आणि कंबर साथ देत नाहीत. त्यात कॅरिअरवर पिशवी किंवा नातू असला की मागून पाय फिरवणे अशक्यच. मग पुढून दांडीवरून पाय उचला!

आमच्या सकाळच्या कट्ट्यावरचे एक स्नेही असेच पडले. सायकल चालत नव्हती, जागेवर उभी होती. पाय मागच्या भाजीच्या पिशवीत अडकला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. चालू-फिरू लागले, डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, तेव्हा मी म्हटले, "आता बिनदांडीची घ्या." तर म्हणाले, "सर, या वयात बायकांची सायकल चालवू होय?" आज ते दुधाच्या पिशवीसाठीही मुलाची वाट बघत बसतात. चांगला हिंडता-फिरता माणूस एका शब्दापायी घरात बसला. माझा राग त्या शब्दावर आहे.

हा शब्द आला कुठून? 1885 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी, अशी आजच्या सायकलची ती पूर्वज. पुढच्या काही वर्षांत दांडीची चौकट रूढ झाली. तिथल्या बायका घोळदार लांब झगे घालत. झग्याला दांडी आडवी येई, म्हणून त्यांच्यासाठी नळी खाली वाकवलेली चौकट निघाली. म्हणजे प्रश्न बाईचा नव्हता, झग्याचा होता.

आता आपल्याकडचा पोशाख बघा. कासोट्याची नऊवारी दोन पायांत विभागलेली, तिला दांडीची फारशी अडचण नाही. उलट धोतर नेसणाऱ्या मास्तरांना सोगा सांभाळत टांग टाकावी लागे! इंग्रजांच्या शिंप्याने घातलेला नियम आपण तसाच उचलला आणि वर त्याला पुरुषार्थ चिकटवला.

कोणी म्हणेल, "सर, दांडीने मजबुती येते." अगदी खरे. तीन पट्ट्या खिळ्यांनी जोडून त्रिकोण करा, कितीही दाबा, आकार बदलत नाही. चार पट्ट्यांचा चौकोन केला की लगेच कलतो. दांडीची चौकट मुख्यतः त्रिकोणांवर उभी असते, म्हणून कमी वजनात जास्त ताठ राहते. दांडी काढली की जोरात पायडल मारताना चौकट थोडी पिळवटते. म्हणून उरलेली नळी जाड करावी लागते, नाहीतर दुहेरी नळ्या घालाव्या लागतात. वजन थोडे वाढते. शर्यतीला उतरणाऱ्याने दांडीचीच घ्यावी. दुधाच्या किटल्या आणि पोती वाहणाऱ्यांनीही दांडीचीच घ्यावी. पण मला सांगा, वाण्याकडे आणि वाचनालयात जाणाऱ्या पेन्शनरला कोणती शर्यत जिंकायची आहे? त्याला दर चौकात उतरायचे आणि पुन्हा बसायचे असते. त्याच्या दृष्टीने चढणे-उतरणे हीच खरी कसोटी.

आणि आम्हा पुणेकरांनी तर याबाबत बोलूच नये. 1946 मध्ये इटलीत व्हेस्पा स्कूटर आली. तिचे रचनाकार कोराडिनो दास्कानियो हे विमानांचे अभियंते. टांग न टाकता सरळ पाय आत ठेवून बसता यावे, अशीच त्यांनी ती रचली. आपल्याकडे बजाजने आधी परवाना घेऊन व्हेस्पा बनवल्या आणि 1972 मध्ये चेतक आणली. त्याच साली कायनेटिकची लूनाही आली. या गाड्यांना कुठे होती दांडी? पुढे मुलगा उभा, मागे बायको बसलेली, पायाशी गॅसचा सिलिंडर, अशा थाटात सारे कर्ते पुरुष चेतकवरून हिंडले. तिला 'लेडीज स्कूटर' म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही. इंजिन लावले की कर्ता पुरुष आणि पायडल लावले की बायकी, हे कुठले शास्त्र?

याची उलटी बाजूही सांगतो. 1991 च्या सुमारास तामिळनाडूतल्या पुदुकोट्टाई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो खेडूत बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांनी बिनदिक्कत जेन्ट्स सायकली घेतल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून ठेवले आहे की काहींना तीच जास्त आवडली, कारण दांडीवर मूल बसवता येई. बघा, त्यांनी काम पाहिले आणि सायकल निवडली. बाईने पुरुषांची सायकल चालवली तर आपण कौतुक करतो. मग पुरुषाने बायकांची चालवली तर हसू का येते? कारण मनात कुठेतरी 'बायकांचे ते कमी' हे पक्के बसले आहे. दांडीचा सगळा तोरा त्यावरच उभा आहे.

इतरांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला. हॉलंडमध्ये बिनदांडीच्या सायकलीला 'ओमाफीट्स', म्हणजे आजीची सायकल म्हणतात आणि तरणीताठी कॉलेजची मुलेही ती खुशाल चालवतात. फ्रेंचांनी दोन बारीक तिरक्या नळ्या थेट मागच्या चाकाच्या आसापर्यंत नेल्या आणि त्या चौकटीला नावच 'मिक्स्त' दिले, म्हणजे दोघांचीही. पॅरिसमध्ये 2007 पासून आणि लंडनमध्ये 2010 पासून भाड्याच्या सार्वजनिक सायकली आहेत, त्याही बिनदांडीच्याच. कोण येऊन बसेल हे आधी ठाऊक नसते, तेव्हा शहाणा माणूस सगळ्यांना जमेल तेच निवडतो.

मी स्वतः चार वर्षांपूर्वी बिनदांडीची घेतली. दुकानदाराने आधी विचारले, "सुनेसाठी का?" माझ्यासाठी म्हटल्यावर त्याने आतून जी काढली ती चौकट मला बुटकी. उंच माणसाच्या मापाची त्याच्याकडे नव्हतीच! होत्या त्यांवर गुलाबी फुले आणि पुढे नाजूक टोपली. सीटची नळी जमेल तेवढी वर ओढून काम भागवतो आहे. सायकल बनवणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: ही चौकट उंच मापातही करा, नळी जाड घाला, साखळीला पूर्ण झाकण द्या, साधा काळा रंग द्या आणि तो 'लेडीज' शब्द पुसून टाका.

आणि आमच्या नातेवाईक मंडळींना विनंती, घरातल्या कोणा आजोबांनी अलीकडे सायकल सोडली असेल तर "आता वय झाले" म्हणून गप्प बसू नका. पाय उचलायला त्रास होतो का, एवढे विचारून बघा. होत असेल तर त्यांना बिनदांडीची सायकल दाखवा. कोणी हसले तर चेतकची आठवण करून द्या.

असो. गुडघे शाबूत आहेत तोवर भांडत राहीन.