गुरचरण, शेणखत आणि सातबारा

महालातील बुधवार बाजारात ऐन पावसाळ्यात पिशवी घेऊन गेलेल्या गृहस्थास टोमॅटोचा व कोथिंबिरीचा भाव ऐकून जो धक्का बसतो, तो आता दर वर्षाचा झाला आहे. कळमन्याच्या बाजारात नाशिक-बंगळूराकडून गाड्या आल्या म्हणजे भाव उतरतो. वाटेत पूर आला, गाड्या अडल्या, म्हणजे चढतो. अशा वेळी आमचे कित्येक व्यापारी मित्र प्रश्न करतात की, नागपूरच्या भोवती गावोगाव गायराने ओस पडली असता त्यांवर नांगर फिरवून भाजीपाला का पिकवू नये? प्रश्न रास्त आहे. परंतु जमीन म्हणजे कोरा कागद नव्हे. तिच्यावर कोणाचा तरी हक्क लिहिलेला असतो आणि तिच्या पोटात कित्येक वर्षांच्या चराईचा इतिहास साठलेला असतो. हे दोन्ही न वाचता जो नांगर धरील तो एक तर कायद्याच्या कचाट्यात सापडेल, नाही तर पहिल्याच मृगात माती गमावून बसेल.

प्रथम हक्काचा विचार करू. मालगुजारीच्या अमदानीत गावाची पडीत व चराई मालगुजाराच्या नावे असली, तरी रयतेला तेथे गुरे चारण्याचा, काटक्या वेचण्याचा हक्क असे आणि तो वाजिब-उल-अर्जात नमूद केलेला असे. मालकी हक्क नष्ट करणारा १९५० चा कायदा झाला. त्याच्या नावात 'महाल' हा शब्द आहे. पण तो आमच्या पेठेचा नव्हे, सारा बसविण्याच्या एककाचा. त्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी या जमिनी सरकारकडे आल्या. मालगुजार गेला, पण रयतेचा निस्तार-हक्क गेला नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही विदर्भासाठी निस्तार पत्रकाची तरतूद राखून ठेवलेली आहे. तात्पर्य, गायरान हे सरकारच्या नावे असले तरी ते सरकारच्या खाजगी मालकीचे नव्हे; ते गावाचे आहे.

आता आजची स्थिती पाहा. बोलीत आपण जिला सरसकट 'गायरान' म्हणतो, ती जमीन कागदोपत्री तीन प्रकारची निघते. पहिला प्रकार खाजगी मालकीच्या पडितीचा, म्हणजे जी मालकाने गवतासाठी सोडली होती. तीत भाजी लावण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. दुसरा प्रकार गुरचरणाचा. महसूल संहितेच्या कलम २२ खाली ती राखून ठेवलेली असते, आणि पुढे जोडलेल्या कलम २२-अ प्रमाणे सार्वजनिक प्रयोजनावाचून ती अन्य कामी देता येत नाही. तिसरा प्रकार खास आमच्या पूर्व विदर्भाचा, तो म्हणजे झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ८६,००० हेक्टरांहून अधिक जमीन या नावाखाली नोंदलेली आहे. पुष्कळ ठिकाणी तेथे झुडूप कमी व गुरे अधिक; तथापि २२ मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच होय असे ठरविले आहे. तेव्हा झुडपी जंगलावर वांगी लावण्याची कल्पना मनातून काढून टाकावी हेच बरे. ज्यास भाजीवाडी करावयाची आहे त्याने बियाण्याच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी तलाठ्याकडील सातबारा व निस्तार पत्रक पाहावे, हा आमचा पहिला उपदेश आहे.

परंतु येथेच एक अन्याय आहे. सार्वजनिक प्रकल्पास गुरचरण मिळते. रस्त्यास मिळते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली सौरपटल उभारण्यासही मिळते. या कामांस आमचा विरोध नाही. दिवसा वीज मिळाली तर शेतकऱ्याचे कल्याणच होईल. पण ज्या भूमिहीन कुटुंबाने दोन पिढ्या त्याच गायरानाचा एखादा तुकडा कसून पोट भरले, त्यास मात्र 'अतिक्रमक' ही एकच पदवी मिळते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांनी देशभर सत्याग्रह केला आणि हजारोंनी तुरुंगवास पत्करला, तो याच मागणीसाठी. शासनानेही पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण १९९१ साली जाहीर केले. त्या धोरणाचा लाभ ज्यांस मिळाला ते सुटले. ज्यांचे कागद अपुरे ठरले ते आजही नोटिशीच्या छायेत आहेत.

या ठिकाणी जगपाल सिंग खटल्याचा दाखला नेहमी पुढे केला जातो. २८ जानेवारी २०११ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश सर्व राज्यांस दिला, हे खरे. पण निकाल अर्धाच वाचणे हा वकिली धंद्यातील दोष आहे व सरकारी कचेरीतीलही. त्याच निकालात अपवादही सांगितलेला आहे: शासनाच्या अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांस किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस पट्टा दिलेला असेल, अथवा जमिनीवर शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तर ताबा कायम करता येतो. न्यायालयाने धनदांडग्याचे कुंपण व भूमिहीनाचे वावर यांत भेद केला. तो भेद आमच्या अंमलदारांनीही करावा.

हा भेद मातीच्या दृष्टीनेही का महत्त्वाचा आहे, हे शहरातील वाचकांस थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. गायरान म्हणजे विश्रांती घेतलेली सुपीक जमीन, अशी एक गोड समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. गवताच्या मुळ्यांनी वरच्या थरात सेंद्रिय अंश साठविलेला असतो, हे खरे; परंतु गुरांच्या खुरांनी तो थर दाबून टणक झालेला असतो आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. शिवाय या प्रांतात चराईसाठी सोडलेली जमीन ही बहुधा उत्तम काळी किंवा मोरंड नव्हेच. ती बहुतेक खरडी अथवा बरडी, उताराची, मुरमाड. अशा जमिनीचे गवत उपटून ती पावसाच्या तोंडी उघडी टाकली तर शंभर वर्षांत जमलेली माती एका पावसाळ्यात नाल्यास मिळते. म्हणून पहिले काम नांगराचे नव्हे, बांधाचे. उतारास आडवे बांध घालावेत, गवताचे आडवे पट्टे मध्ये राखावेत आणि मधलीच पट्टी मोडावी.

त्यानंतर उन्हाळी नांगरट. हरळी व लव्हाळा यांचा नायनाट एका नांगराने होत नाही. उलट हरळीची मुळी तुटली की तुकड्या-तुकड्यास कोंब फुटतो. वैशाखाच्या उन्हात ढेकळे तापू द्यावीत, वखराने मुळ्या वर काढून हाताने वेचून जाळाव्यात आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा करावे. पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरून, फुलोऱ्यावर येताच, म्हणजे सुमारे ४५ ते ५० दिवसांनी, तो जमिनीत गाडावा. मोडलेल्या गवताच्या मुळ्या कुजताना मातीतील नत्र काही काळ स्वतःच अडवून धरतात. म्हणून पहिल्या हंगामात कोबी-वांग्याचा हव्यास धरणारा पिवळी पाने पाहून कपाळावर हात मारतो. तेथे चवळी, गवार, वाल अशी शेंगवर्गीय पिकेच घ्यावीत. जुन्या गवताळ जमिनीत हुमणीची अळी असते, तिच्याकडेही लक्ष हवे. मातीची परीक्षा तर आरंभीच करून घ्यावी. देशाच्या मृद सर्वेक्षणाचे मुख्यालय ज्या नागपुरात आहे आणि जेथे १९०६ पासून कृषी महाविद्यालय आहे, त्या नागपुराभोवतीच्या शेतकऱ्याने माती न तपासता पेरावे, ही आमच्यासारख्या शिकलेल्यांना लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे.

सारांश, गायरानाची खरी भाजीवाडी होण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. आता वाचकांनी स्वतःस विचारावे: ज्यास पुढच्या पोळ्यास आपण या तुकड्यावर असू की नाही हे ठाऊक नाही, तो बांध कशास घालील? ताग पेरून तो विकण्याऐवजी मातीत कशास गाडील? तो येईल ते पीक काढील, माती ओरबाडील आणि नोटीस आली की उठेल. मग आपण म्हणणार, हे लोक जमीन नासवतात! जमीन लोक नासवीत नाहीत, अनिश्चितता नासवते. व्यापाऱ्यास हे सांगणे नको. ज्या दुकानाचा भाडेपट्टा अकरा महिन्यांचा, त्यात कोणी सागवानी फडताळे बसवीत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे: सगळेच गायरान मोडले तर गुरांनी जावे कोठे? आमचे उत्तर असे की, ते सगळे मोडू नयेच. भाजीपाल्यास हेक्टरी २० ते २५ टन शेणखत लागते. ते कोठून येणार? गुरांपासून. गुरे कशावर जगणार? चराईवर. म्हणजे जो गावची चराई बुडवितो तो आपल्याच वाफ्याचे खत बुडवितो. शिवाय गावची गुरे राखून जगणारा गोवारी समाज याच प्रांतातला. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आपल्या मागण्या घेऊन आलेले ११४ गोवारी याच शहरात चेंगराचेंगरीत प्राणास मुकले. त्या समाजाच्या पायाखालची उरलीसुरली चराई शहराच्या भाजीसाठी काढून घेणे ही सुधारणा नव्हे.

तेव्हा आमच्या मागण्या तीन आहेत. जे गुरचरण पूर्वीच मोडले गेले आहे व भूमिहीनांच्या वहितीखाली आहे, तेवढ्यापुरता संहितेत स्पष्ट अपवाद करून निदान दहा वर्षांचा पट्टा द्यावा. तो पतीपत्नी दोघांच्या किंवा स्त्रियांच्या बचतगटाच्या नावे असावा आणि विकता वा गहाण टाकता येऊ नये. उरलेल्या चराईची मोजणी करून तिची हद्द ग्रामसभेत वाचून दाखवावी, तीत मारवेल-पवन्यासारखे गवत लावावे आणि ती कोणत्याही प्रकल्पास देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी. तिसरी मागणी सरकारकडे नाही, आमच्या वाचकांकडे आहे. महाल-इतवारीतील ज्या व्यापाऱ्यांची मुळे खेड्यांत आहेत, ज्यांचे नाव आजही गावच्या मतदारयादीत आहे, त्यांनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेस जाऊन निस्तार पत्रक मागावे व ते मोठ्याने वाचावे.

स्वस्त भाजी हवी असे आपण सगळेच म्हणतो. ती ज्या मातीतून येते, त्या मातीवर कसणाऱ्याचा पाय स्थिर करण्याची वेळ आली म्हणजे मात्र तो प्रश्न आपल्याला खेड्यातला वाटू लागतो. तो खेड्यातला नाही. तो दर बुधवारी आपल्याच पिशवीत घरी येतो.