हळदीचा रंग फिका का पडतो?

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. लेकीच्या हळदीचे चित्रण त्यांनी आयफोनवर घेतले आणि संगणकावर डाविंची रिझॉल्व्हमध्ये ते जोडायला बसल्या. फोनवर पिवळीधमक दिसणारी हळद संगणकावर राखेसारखी फिकट, आणि पैठणी तर दहादा धुतल्यासारखी! त्यातच फाइल काढताना काम ६३ टक्क्यांवर येऊन थांबते. या चित्रणात सासूबाई मंगलाष्टका म्हणताना आहेत, आणि त्या आता हयात नाहीत. "पुन्हा घ्यायचे म्हटले तरी कुठून घेणार?" असे त्या विचारतात.

बाई, आधी जिवाला घोर लावून घेऊ नका. मूळ चित्रण सुरक्षित आहे. जोडणीचा प्रोग्रॅम मूळ फाइलला हात लावत नाही, तो फक्त कुठे काय कापायचे त्याची टिपणे ठेवतो. तरीसुद्धा आजच सगळ्या मूळ फाइलींची एक प्रत दुसऱ्या हार्डडिस्कवर करून ठेवा. मग पुढचे काम.

आता रंगाचे पाहू. २०२० साली आलेल्या आयफोन १२ पासून हे फोन 'एचडीआर' पद्धतीने चित्रण करू शकतात. त्यात रंगांची आणि उजेडाची व्याप्ती मोठी असते. संगणकाने ते साधे चित्रण समजून दाखवले, की रंग फिके पडतात. पायलीचे माप शेराच्या हिशेबाने वाचावे, तसे हे होते. रंग हाताने वाढवत बसू नका, त्याने चेहरे तांबडे होतात. केलेले फेरफार आधी काढून टाका. मग प्रोजेक्ट सेटिंगमधील 'कलर मॅनेजमेंट'मध्ये जाऊन 'डाविंची वायआरजीबी कलर मॅनेज्ड' निवडा, आणि बाहेर पडणारा रंग 'एसडीआर रेक. ७०९' ठेवा. हळद पुन्हा हळदीसारखी दिसू लागेल. पुढच्या कार्याला मात्र फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'एचडीआर व्हिडिओ' आधीच बंद करून ठेवावे, म्हणजे ही कटकटच नको.

चित्रात मध्येच हिरवे-गुलाबी चट्टे दिसत असतील तर तीच मूळ फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये लावून पाहा. तिथे चट्टे नसतील, तर बहुधा दोष ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचा असतो. तो नवा घालून घ्यावा.

आता अडलेली फाइल. आधी डिस्कवर जागा आहे ना, ते बघा. जागा असून दरवेळी त्याच ठिकाणी अडत असेल, तर खडा तिथेच आहे. तांदूळ निवडतो तसा तो शोधायचा. पहिला अर्धा भाग वेगळा काढा, मग दुसरा. जो अडेल त्याचे पुन्हा दोन भाग करा. चार-पाच खेपांत नेमका तुकडा सापडतो. त्यावरचा इफेक्ट काढून टाका, नाहीतर तो तुकडा मूळ फाइलीतून नव्याने आणून बसवा.

काढलेली फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल, तर पेनड्राइव्ह 'फॅट३२' पद्धतीचा आहे का पाहा. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. सेकंदाला १० मेगाबिट या हिशेबाने तासाभराचे चित्रण साधारण साडेचार जीबी होते, म्हणजे अडणारच. आतले सगळे दुसरीकडे उतरवून तो 'एक्सफॅट' करून घ्या, मात्र आपला टीव्ही तो वाचतो ना, हे आधी पाहावे. टीव्हीसाठी 'एच.२६४' प्रकारची एमपी४ फाइल सहसा निर्धोक.

जाता जाता : नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे चित्र दाबले जात नाही. आणि सासूबाईंच्या मंगलाष्टकांचा तेवढा तुकडा वेगळा काढून घरातल्या प्रत्येकाकडे एकेक प्रत राहू द्या. अशा गोष्टी एकाच ठिकाणी ठेवू नयेत.