सूर्याची उपमा आणि एषणी

अणुसंमीलनावर मराठीत जे लेख येतात, त्यांतील बरेचसे 'पृथ्वीवर सूर्य आणण्याच्या' उपमेपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. आम्ही अमरावती-अकोल्याकडे मराठी शिकवणारी माणसे. उपमेचे आम्हांस वावडे नाही. पण तो सूर्य किती तापला हे कळते कसे, हा साधा प्रश्न ही उपमा वाचकाला पडूच देत नाही, अशी आमची तक्रार आहे.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तापमापक सावलीत नुसता टांगलेला असतो. तो हवेइतका तापतो, आपण आकडा वाचतो. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली सुरू झालेल्या 'आदित्य' या टोकामाकमध्ये (नावातही पुन्हा सूर्यच!) ही सोय नाही. तिथे चुंबकी क्षेत्राने कोंडलेला आयनद्रायू, म्हणजे ज्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत असा वायू, लाखो अंश तापतो. त्याच्याइतके तापून आकडा सांगायला कोणतीही तार उरणार नाही.

यावरची युक्ती अर्व्हिंग लँगम्यूर यांची, १९२०च्या दशकातली. टंगस्टनसारख्या धातूचे बारीक टोक आयनद्रायूत, टोकामाकमध्ये फक्त त्याच्या कडेला, क्षणभर ठेवायचे. त्यावरचा विद्युत्दाब ऋणाकडून धनाकडे नेत प्रत्येक पायरीला किती प्रवाह येतो ते नोंदवायचे. दाब फार ऋण असेल तर इलेक्ट्रॉन परतवले जातात, आयनच तेवढे पोचतात. दाब चढवला की आधी वेगवान इलेक्ट्रॉन येऊ लागतात, आणि प्रवाह किती झपाट्याने वाढतो यावरून त्यांचे तापमान काढता येते. ते हाती आले की आयनांच्या प्रवाहावरून घनता. तापमान इथे वाचले जात नाही, अनुमानाने मिळते. शिवाय टोकाभोवती विद्युत्भाराचे पातळ आवरण लगेच जमते. जे पाहायचे ते पाहणाऱ्याच्या येण्याने थोडे बदलते, आणि तो बदलही हिशेबात धरावा लागतो.

या टोकाला 'प्रोब' म्हणतात. आम्ही एषणी म्हणू. सुश्रुताने नाडीव्रणाचा माग घेणाऱ्या शस्त्राला दिलेले हे नाव आहे, आणि 'प्लाझ्मा' हा शब्द तरी लँगम्यूरने १९२८मध्ये रक्तद्रवावरूनच उचलला ना? अशा एषण्यांनीच 'आदित्य'च्या गटाने १९९२ साली दाखवले की कडेच्या आयनद्रायूतील खळबळ एकसारखी नसते, ती मधूनमधून झटक्यांनी उसळते. सूर्याच्या उपमेत ही खळबळ कुठे बसवणार?

गाभ्यात एषणी जाऊ शकत नाही, तिथे लेसरचा प्रकाश पाठवावा लागतो. १९६८मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी टी-३ टोकामाकमध्ये सुमारे एक कोटी अंश गाठल्याचे सांगितले, तेव्हा पश्चिमेत अनेकांचा विश्वास बसला नाही. इंग्लंडमधल्या कल्हमचा गट लेसर घेऊन मॉस्कोला गेला, मोजमाप केले, आणि १९६९मध्ये दावा खरा ठरला. याउलट, २० वर्षांत संमीलन-ऊर्जा ताब्यात येईल हे होमी भाभांचे १९५५चे जिनीव्हातील भाकीत आपल्याकडे आजही कौतुकाने सांगितले जाते. मधल्या काळात काय मोजले गेले, ते मात्र क्वचितच.

पदव्युत्तर वर्गाच्या उपयोजित मराठीत आपण जाहिरात शिकवतो, बातमी शिकवतो. एषणीच्या दाब-प्रवाहाच्या आलेखाचे वर्णन दहा वाक्यांत, सूर्याचे नाव न घेता, लिहायला सांगावे आणि ते तपासायला शेजारच्या भौतिकीच्या विभागाकडे द्यावे, असे आम्हांस वाटते.