कार्बन फायबरची गिटार घ्यावी का? आधी पावसाळ्याचा हिशोब मांडा



गेल्या काही बॅचेसमध्ये एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतोय, आणि विचारणारी मंडळी बहुतेक कोकण-गोव्याकडची असतात. "सर, मी रिसॉर्टवर गिटार वाजवतो, घरी क्लासही घेतो. कार्बन फायबरची गिटार घेऊ का? दमट हवेचा काही त्रासच नाही म्हणे." किंमत विचारली की आवाज जरा खाली येतो. ऐंशी-नव्वद हजार, कधी लाखाच्या वर. मालवणकडचा एक तरुण तर दोन सीझन साठवलेले सगळे पैसे यातच घालायला निघाला होता. म्हणून आज यावर सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. नुकताच धंदा सुरू केलेल्या बहुतेकांनी ही गिटार आत्ता घेऊ नये. काही थोड्या लोकांनी मात्र उगाच थांबूही नये. तुम्ही यातले कोण, हे गिटारच्या दुकानात कळणार नाही, तुमच्या बुकिंगच्या वहीत कळेल.

आधी वस्तू समजून घेऊ. लाकडी गिटारचा पुढचा भाग, ज्याला टॉप म्हणतात, तो चांगल्या गिटारमध्ये बहुधा स्प्रूसच्या पातळ फळीचा असतो. लाकूड हवेतलं पाणी शोषतं आणि सोडतं. त्याला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर हा आकडा 80च्या वर असतो. मग काय होतं? टॉप फुगतो, ब्रिजच्या मागे पोट आल्यासारखं दिसतं, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात आणि वाजवताना बोटं दुखायला लागतात. आवाज बसल्यासारखा होतो. कधी ब्रिजच गोंदातून सुटायला लागतो. तीच गिटार डिसेंबरात नागपूरला नेली किंवा दिवसभर एसी हॉलमध्ये ठेवली की उलटं होतं. लाकूड आकसतं, तारा खरखरतात, फ्रेटची टोकं बाजूने बोटाला टोचतात, आणि नशीब वाईट असेल तर टॉपला चीर जाते.

कार्बन फायबर म्हणजे कार्बनचे बारीक धागे आणि ते घट्ट धरून ठेवणारं रेझिन. ते लाकडासारखं फुगत नाही, आकसत नाही. कल्पनाही काही कालची नाही. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामान यांनी 1966 मध्ये ओव्हेशन ही गिटार कंपनी काढली आणि 1976 मध्ये कार्बनचा टॉप असलेली अ‍ॅडमास बाजारात आणली. पुढे पूर्ण कार्बनच्या गिटारसाठी नाव झालेली रेनसाँग सुरू झाली हवाई बेटांवर. एमराल्ड ही आयर्लंडमधल्या डोनेगलची. दोन्ही समुद्राची आणि पावसाची गावं, हे लक्षात घ्या. जिथे लाकूड त्रास देत होतं तिथेच या मालाला गिऱ्हाईक मिळालं. आपली कोकणपट्टीही त्याच जातीची, त्यामुळे तुमच्या मनात हा विचार आला यात चुकीचं काहीच नाही.

पण बघा, ही गिटार घेताना तुम्ही नेमकं काय विकत घेताय? चांगला आवाज? तो वादाचा मुद्दा आहे. कार्बनचा आवाज साधारणपणे स्वच्छ, सगळ्या तारांवर सारखा आणि जास्त वेळ टिकणारा असतो. लाकडाची ऊब कमी वाटते अशी तक्रारही ऐकू येते. मायक्रोफोन लावून स्टुडिओत रेकॉर्ड करत असाल तर हा फरक महत्त्वाचा. रिसॉर्टच्या लॉनवर मात्र लोक ऐकतात ते पिकअपमधून स्पीकरवर आलेलं, त्यात मागे ताटांचा आवाज. तिथे हा फरक बराच पुसला जातो. म्हणजे धंद्याच्या दृष्टीने तुम्ही विकत घेताय ती लाकडाच्या कटकटीतून सुटका. मग ही कटकट तुम्हाला वर्षाला किती रुपयांना पडते, हे मोजल्याशिवाय सुटकेची किंमत कशी ठरवणार?

चला, मोजू. आकडे उदाहरणासाठी आहेत, तुम्ही स्वतःचे घाला.

समजा पिकअपवाली बरी लाकडी गिटार 25,000 ला मिळते आणि कार्बनची 90,000 ला. फरक 65,000. तुम्ही ऑक्टोबर ते मे वाजवता, एका कार्यक्रमाचे 4,000 घेता. लाकडी गिटारचं वर्षातून दोनदा सेटिंग करून घेतलं, 4,000. केसमध्ये ठेवायची आर्द्रता सांभाळणारी पाकिटं, 2,500. गिटार बिघडल्यामुळे वर्षात एक कार्यक्रम गेला, 4,000. एकूण 10,500. म्हणजे 65,000 वसूल व्हायला सहा वर्षांहून जास्त लागतील. सहा वर्षांत तुमचा धंदाच कुठल्या कुठे गेलेला असेल. अशा माणसाने ही गिटार घेणं मला पटत नाही.

आता दुसरा माणूस घ्या. हा पावसाळ्यातही वाजवतो. आंबोली, लोणावळा, महाबळेश्वरला पावसातल्या पर्यटकांसाठी उघड्या व्हरांड्यात कार्यक्रम असतात. "हवा खराब आहे, गिटार आणता येणार नाही" म्हणून याने वर्षात पाच कामं सोडली. 20,000 गेले. वर 6,500 देखभालीचे. 26,500 झाले. याचा फरक अडीच वर्षांत वसूल होतो. शिवाय "हा कुठेही, कधीही वाजवतो" ही ओळख तयार होते ती वेगळीच. याने जास्त विचार करत बसू नये.

मालवणच्या त्या तरुणाला मी एवढंच विचारलं, गेल्या वर्षी हवेमुळे किती बुकिंग सोडली? तो म्हणाला, "बरीच." बरीच म्हणजे किती? वही काढली तर एक. एकच! बाकीची कामं त्याच्याकडे स्वतःचा स्पीकर नव्हता म्हणून गेली होती. रिसॉर्टवाल्याला साउंडसकट माणूस हवा होता. आता सांगा, 65,000 कुठे घालायचे? बॅटरीवर चालणारा चांगला स्पीकर, एक माइक, स्टँड आणि वायरी एवढ्यात येऊन पैसे उरतील, आणि पुढच्या कोटेशनमध्ये तो साउंडचे वेगळे पैसे लावू शकेल. गिटार बदलल्यामुळे मानधन वाढवून देणारा रिसॉर्ट मॅनेजर मला तरी अजून भेटायचा आहे.

तुम्ही म्हणाल, सर, मग पावसात वाजवायचंच नाही का? वाजवायचं की. त्यासाठी मधला रस्ता आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. लॅमिनेटेड गिटार. म्हणजे टॉप, पाठ आणि बाजू प्लायसारख्या थरांच्या. आवाजाला सॉलिड लाकडाइतकी खोली नसते, पण थर एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे ती हवेने कमी हलते. दहा-बारा हजारांची अशी एक गिटार बाहेरच्या कामाला, आणि चांगली गिटार घरात, केसमध्ये, क्लाससाठी आणि रेकॉर्डिंगसाठी. शिवाय कार्यक्रमात तार तुटली तर हाताशी दुसरं वाद्य असतं. धंद्यात बॅकअप हवाच.

बरं, हिशोब करूनही कार्बनच घ्यायची ठरली, तर काही गोष्टी नीट तपासा.

लेबलवर "कार्बन" लिहिलंय म्हणजे आतून-बाहेरून कार्बनच असेल असं नाही. काही गिटारचं अंग कार्बनचं आणि मान लाकडाची असते. ती मान पावसाळ्यात आपला स्वभाव दाखवणारच. काही स्वस्त गिटार पॉलीकार्बोनेटमध्ये कार्बन फायबर मिसळून साच्यात ओतलेल्या असतात. एन्याच्या नोव्हा मालिकेतल्या अशाच. प्रवासाला, समुद्रावर न्यायला त्या वाईट नाहीत, किंमतही आटोक्यात असते. पण दुकानदार त्या दाखवून महागड्या कार्बन गिटारचे गुण सांगत असेल तर तिथेच थांबवा. "मान कशाची? अंग कशाचं? ट्रस रॉड आहे का?" हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर बिलावर किंवा मेसेजवर लेखी घ्या.

ट्रस रॉडचं का विचारायचं? लाकडी गिटारच्या मानेत हा धातूचा दांडा असतो, तो फिरवून मान सरळ करता येते. काही कार्बन गिटारमध्ये तो नसतोच, कारण मान वाकत नाही असं गृहीत धरलेलं असतं. ठीक आहे. पण तुम्हाला तारांची उंची वेगळी हवी असेल तर सॅडल घासून घ्यायला लागेल, आणि एकसंध साच्यातली मान काढून पुन्हा बसवणं हा प्रकार जवळपास विसराच. तुमच्या भागात गिटार दुरुस्त करणारा कारागीर कोण आहे, त्याने कार्बनला कधी हात लावलाय का, हे पैसे भरण्याआधी त्यालाच फोन करून विचारा. पुण्या-मुंबईला पाठवावी लागणार असेल तर ते भाडं आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली कमाई हिशोबात धरा.

आणि पाण्याखाली गिटार धरून वाजवल्याचे व्हिडिओ बघून भुलू नका, मित्रांनो. अंग भिजत नाही, पण तारा स्टीलच्याच आहेत. खारी हवा त्यांना गंज आणते, तेव्हा कार्बन काही कामाला येत नाही. पिकअप आणि त्याची बॅटरी पाण्याला घाबरतात ती घाबरतातच. तारा बदलायचा खर्च दोन्हीकडे सारखाच धरा.

परत विकायचं काय? आपल्याकडे जुन्या लाकडी गिटारला गिऱ्हाईक लवकर मिळतं. कार्बनला विचारणारे मोजके. त्यामुळे "नाही जमलं तर विकून टाकू" हा हिशोब कागदावर धरूच नका. उलट याच कारणाने एखादी वापरलेली कार्बन गिटार चांगल्या भावात मिळू शकते. मिळाली तर टॉपवर आणि मानेच्या सांध्याजवळ चीर आहे का ते उजेडात धरून बघा, आणि पिकअप स्पीकरला लावून ऐका.

गोव्यातली बरीच मंडळी क्रूझवर वाजवायला जातात, त्यांच्यासाठी एक वेगळा मुद्दा. गिटारची पाठ आणि बाजू अनेकदा रोजवूडच्या, म्हणजे आपल्या शिसवीच्या जातीतल्या लाकडाच्या असतात. 2017 मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली या सगळ्या जातींच्या व्यापारावर बंधनं आली आणि कागदपत्रांचा त्रास सुरू झाला. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, फक्त ब्राझीलच्या रोजवूडवरचे कडक नियम तसेच राहिले. कार्बनला हा प्रश्नच येत नाही. महिनोन् महिने समुद्रावर काम असेल तर माझं मत कार्बनच्या बाजूने झुकतं.

अजून एक बोलायचं राहिलं. "बिझनेससाठी घेतोय" म्हणणाऱ्या कित्येकांना ती गिटार खरं तर मनापासून हवी असते. त्यात लाजण्यासारखं काय आहे? हौसेला मोल नसतं. पण मग ती हौसेच्या पैशांतून घ्या, ईएमआय घरखर्चाच्या खात्यातून जाऊ द्या, आणि धंद्याच्या वहीत तिला "गुंतवणूक" म्हणून लिहू नका. नाहीतर वर्षाअखेरीस नफा का दिसत नाही हे शोधत बसाल.

ज्यांचा निर्णय अजून होत नाही त्यांनी एक काम करा. काही शे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि गिटारच्या केसमध्ये ठेवा. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत दर रविवारी त्याचा आकडा लिहा. शेजारच्या रकान्यात त्या आठवड्यात हवेमुळे सोडलेलं काम आणि त्याचे पैसे, आणि त्यापुढे दुसऱ्या कारणाने हातचं गेलेलं काम. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्या पानाचा फोटो मला पाठवा, सीझनची बुकिंग सुरू व्हायच्या आत आपण आकडे एकत्र बसून बघू.