मोजून किती भरता?

'न्यायाधीशांना कुणी निवडून दिलंय? बहुमत ठरवेल!' हे ऐकलं की मला डिसेंबर २०१५ची लोकसभा आठवते. समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम बदलायला शशी थरूर खासगी विधेयक आणत होते. मंजुरी दूरच, नुसतं मांडूही दिलं नाही. २४ विरुद्ध ७१. मतदानाला शंभर खासदारही नव्हते. हेच ते बहुमत!

कोर्टही काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. २०१३मध्ये सुप्रीम कोर्टानंच 'हे लोक आहेतच किती' असा हिशेब मांडून कलम जिवंत ठेवलं होतं. पण २०१६मध्ये पाच जण याचिका घेऊन गेले, आणि २०१८मध्ये कोर्टाला आपलाच निकाल खोडावा लागला. लोकसभेत पाच जणांना कोण विचारतं? ज्यांची डोकी कायम कमीच भरणार, त्यांनी कुठे जायचं?