केळीचा खांब सुरतेच्या साच्यात

सुरतेतल्या उधन्याच्या कारखान्यात मी 19 वर्षं मोल्डिंग मशीन चालवतोय. गाव रावेर तालुक्यात, घरची केळी. घड उतरला की खांब कापून बांधावर कुजत टाकायचा, नाहीतर मजुरी देऊन शेताबाहेर काढायचा, हेच लहानपणापासून पाहिलं. त्या खांबाचा धागा गेल्या पावसाळ्यात आम्ही पीएलएच्या दाण्यात घातला. पीएलए म्हणजे मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून होणारं, कुजू शकणारं प्लास्टिक. ते महाग, आणि वाकवलं की काडकन मोडतं; म्हणून त्यात धागा.

त्यातून पाडलेल्या पहिल्या ट्रेवर फोडच फोड. धाग्यातल्या ओलाव्याची साच्यात वाफ झाली होती. दुसऱ्या खेपेला धागा रात्रभर भट्टीत सुकवला. ट्रे गुळगुळीत निघाला. पण मोडून पाहिला तर धागे कोरडेच उपसून हातात आले. धाग्याला पाणी प्रिय, प्लास्टिकला नाही. दोघांची पकडच बसली नव्हती. कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमधला मित्र म्हणाला, "दादा, सौम्य कॉस्टिक सोड्यात धुऊन बघ." पॉलिस्टरला मऊपणा आणायला सुरत रोज हेच कॉस्टिक वापरते. धुतल्यावर धाग्यावरचं मेण गेलं. तिसरा ट्रे मोडताना धागाही प्लास्टिकबरोबर तुटला. तो तुकडा मी जपून ठेवलाय.

उसाचं चिपाड का नाही, असं बरेच जण विचारतात. बारडोली-सायणच्या साखर कारखान्यांत ते बॉयलरला लागतं. फुकट पडून नसतं. केळीचा खांब पडून असतो, अगदी सुरतेजवळच्या कामरेजपासून. नवसारी कृषी विद्यापीठाने त्यापासून धागा, कागद, रसाचं द्रवखत करून दाखवलंय. जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने 2024 मध्ये पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. मधला दुवाच नाही: धागा काढून, धुऊन, सुकवून, कापून, तयार दाणा पाडून देणारी शेड. आमच्यासारख्या छोट्या कारखान्याला ती परवडत नाही. ती केळी सहकारी संस्थांनी आणि जीआयडीसीने, म्हणजे गुजरातच्या औद्योगिक विकास महामंडळाने, मिळून उभारावी. कॉस्टिकचं पाणी शुद्ध करायची सोयही तिथेच हवी.

हा ट्रे तापीत फेकला तर मात्र वर्षानुवर्षं तसाच राहील. पीएलए कुजायला सुमारे 58 अंशांचा तापलेला, ओलसर ढीग लागतो. म्हणून सुरुवात कारखान्यांच्या कँटीनपासून करावी. तिथले ट्रे एका जागी गोळा होतात. महापालिकेने ते वेगळे उचलून तशा ढिगापर्यंत न्यावेत.

साचा आमच्याकडे तयार आहे. सुका धागा मिळाला की दुसऱ्या दिवशी मशीन लावतो.